कृतज्ञतेची जाण आणि किशोरवयीन मुलांचे वर्तन

बाल्य आणि तारुण्य यांना जोडणारी किशोरावस्था ही मुलाइतकीच पालकांचीही कसोटी पाहते. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षे हा वयोगट किशोरवयात गणते. या वयात उलट उत्तरे देणे, खोटे बोलणे, शाळा चुकविणे, आदळआपट करणे असे प्रकार घडू लागले की, ‘आईबापांच्या कष्टांची याला जाणीव नाही,’ असा शेरा मारला जातो. परंतु ही जाणीव निर्माण कशी होते, याचा विचार क्वचितच होतो.

नजरेआड झालेले श्रम

वसई-विरार परिसरात या प्रश्नाचे उत्तर सापडते. वसईच्या वाड्यांत भाजीपाला व फुले पिकविणारी, तसेच अर्नाळा, पाचूबंदर येथे मासेमारी करणारी कुटुंबे आजही आहेत. तेथे आईवडिलांचे श्रम मुलांच्या डोळ्यांसमोर घडतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण होताना पाहणाऱ्या मुलाला ऋण मानणे म्हणजे काय, हे वेगळे शिकवावे लागत नाही. याउलट, नालासोपारा व विरार येथील वसाहतींतील असंख्य पालक पहाटेच लोकलने मुंबईकडे निघतात आणि रात्री परततात. मुलाला त्यांचे कष्ट दिसत नाहीत. दिसतो तो थकवा आणि त्रागा. जे पाहिलेच नाही, त्याविषयी कृतज्ञता वाटावी कशी?

ताणाला सामोरे जाण्याच्या रीती

रिचर्ड लाझारस व सुसान फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ताण हाताळण्याच्या दोन प्रमुख रीती सांगितल्या : मूळ अडचणीवर उपाय योजणे आणि स्वतःच्या भावना सावरणे. मुले पुष्कळदा तिसरीच वाट धरतात. ती म्हणजे टाळाटाळीची. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’मधील श्यामही पोहण्याच्या भीतीने लपून बसतो. आई त्याला मारते, पण नंतर जवळ घेऊन त्यामागचे कारण समजावते. आज मारणे समर्थनीय ठरत नाही. समजावणे मात्र तितकेच आवश्यक आहे.

कृतज्ञतेचा संबंध येथे येतो. आपल्यासाठी कोण काय करते, हे ज्या मुलाला उमगते, त्याला संकटात कोणाकडे जावे हेही ठाऊक असते. नापास झाल्याचे लपविण्याऐवजी ते सांगण्याचे धैर्य त्यातून येते. जेफ्री फ्रोह व सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेल्या व २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २२१ विद्यार्थी होते. त्यांपैकी एका गटाने दोन आठवडे रोज, ज्यांबद्दल आभार वाटतात अशा गोष्टी लिहिल्या. दुसऱ्याने दिवसभरातील कटकटी लिहिल्या. दुसऱ्या गटाच्या तुलनेत पहिल्या गटातील मुलांच्या मनात नकारात्मक भावना कमी आढळल्या. तथापि, अशा उपायांचा परिणाम मर्यादित असतो, हे नंतरच्या संशोधनातून दिसले आहे. गंभीर नैराश्यावर ते औषध नव्हे.

उपकारांचे ओझे नको

‘तुझ्यासाठी आम्ही काय काय केले,’ असे वारंवार ऐकविल्याने कृतज्ञता नव्हे, तर अपराधीपणा किंवा चीड निर्माण होते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, मोठ्यांचे उपकार मोजत वाढलेले मूल त्यांच्यापैकीच कोणी केलेला अन्यायही मुकाट्याने सोसते. कृतज्ञता म्हणजे मौन नव्हे, हे मुलांना स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

पालकांनी काय करावे?

सुटीच्या दिवशी मुलाला आपल्या कामाविषयी सांगावे. शक्य असल्यास कामाचे ठिकाण दाखवावे. घरखर्चाचा हिशेब त्याच्यासमोर मांडावा. त्याने पाणी भरले, धाकट्या भावंडाला सांभाळले, तर त्याची आवर्जून दखल घ्यावी. आभार मानणारी माणसे घरात असली की, मुले आभार मानायला शिकतात.

वर्तनातील बिघाड टिकून राहिला, झोप किंवा भूक हरपली, मूल जिवाला कंटाळल्याचे बोलू लागले, तर विलंब न लावता तज्ज्ञांची मदत घ्यावी. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक आणि मुलांसाठीचा १०९८ हा मदत क्रमांक निःशुल्क आहेत. हे क्रमांक घरात सर्वांना दिसतील असे लिहून ठेवावेत. मुलाच्या रागामागील अडचण वेळीच ओळखणे, हे पालकांचे पहिले कर्तव्य होय.