छावणींतला भाऊ व गांवांतल्या बहिणी

(स्त्रियांच्या साप्ताहिक सभेसाठीं अभ्यासपाठ. शास्त्रभाग : १ शमुवेल १७:१७-२२, ३०:२१-२५, २ शमुवेल ११, शास्ते ५:२८-३०.)

बेथलेहेमकर इशाय म्हातारा झाला होता. त्याचे तीन वडील मुलगे, अलीयाब, अबीनादाब व शम्मा, हे शौल राजाबरोबर लढाईस गेले होते आणि छावणी एलाच्या खोऱ्यांत पडली होती. पुढें दाविदानें गल्याथास कसें मारिलें ही गोष्ट आपल्या रविवारच्या शाळेंतील लहान मुलांसही पाठ असते. परंतु तिच्या आधींचीं दोन वचनें आपण बहुधा घाईनें वाचून टाकितों. म्हाताऱ्यानें धाकट्या मुलास हांक मारून भाजलेलें धान्य व दहा भाकरी भावांसाठीं दिल्या, त्यांच्या सरदारासाठीं पनिराचे दहा गोळे निराळे दिले, आणि सांगितलें कीं भाऊ कसे आहेत तें पाहून ये व त्यांजकडून कांहीं खूण आण. त्या भाकरी कोणीं भाजल्या हें शास्त्र सांगत नाहीं, आणि आमच्या वाचक भगिनींस तें सांगण्याची गरजही नाहीं.

आजचा पाठ आम्ही या दोन वचनांपासून घेतला आहे, कारण आपल्या गोंदिया जिल्ह्यांतील अनेक गांवांत एखादें तरी घर असें आहे कीं जेथून कोणी शिपाई होऊन गेला आहे. आपला जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून निराळा झाला. त्याच उन्हाळ्यांत कारगिलच्या डोंगरांवर लढाई पेटली होती. गोंदिया जंक्शनांतून मुंबई, हावडा, बल्लारशाह व जबलपूर अशा चारी बाजूंस गाड्या जातात, आणि काळी पेटी व वळकटी घेतलेला तरुण फलाटावर दिसला नाहीं असा आठवडा क्वचितच जात असेल. कोणी कामठीस गार्ड्स पलटणीच्या केंद्रांत जातो, कोणी सागर येथें महार पलटणींत, कोणी बेळगांवास मराठा पलटणींत. तेथून पुढें काश्मीर, लडाख किंवा ईशान्येकडील सीमा. कोणी केंद्रीय राखीव दलांत, तर कोणी राज्य राखीव पोलीस बलांत असतो. लांब गेलेलाच तेवढा संकटांत असतो असें मात्र कोणी समजूं नये. १ मे २०१९ रोजीं, महाराष्ट्रदिनींच, आपल्या सीमेस लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यांत जांभुळखेडा येथें सुरुंगाच्या स्फोटांत १५ पोलीस जवान व त्यांच्या गाडीचा चालक ठार झाले. म्हणून या पाठांत ‘शिपाई’ म्हणतांना आम्ही फौजेंतला व पोलिसांतला असे दोघेही धरतों.

आतां त्या घरास उणें काय पडतें? पगार बँकेंत जमा होतो, त्यामुळें शेजारी म्हणतात, ‘त्यांना काय कमी आहे?’ कमी आहे तें माणूस. आषाढ लागला, पऱ्हे तयार झाले, बांधींत पाणी सांचलें, आणि रोवणीस हात मिळत नाहींत. ज्या घरचा कर्ता घरीं आहे तो पहांटे उठून चार घरीं फिरतो, बाया ठरवितो, चिखलणीसाठीं ट्रॅक्टर सांगतो. शिपायाच्या पत्नीस तें सर्व एकटीनें करावें लागतें. त्यांतून सासू आजारी असली आणि लेकरूं अंगावर पीत असलें म्हणजे तिचें रोवणें मागें पडतें, आणि उशिराच्या रोवण्याचें धान कसें उतरतें हें आम्हीं सांगावयास नको. म्हणून आमची पहिली सूचना ही कीं प्रत्येक मंडळींतील स्त्रियांनीं रोवणीच्या हंगामांत एक दिवस अशा घराच्या बांधीसाठीं ठरवून ठेवावा. त्या दिवशींची सभा बांधावरच भरवावी. सभा भरवून ‘हे प्रभो, तिला साहाय्य कर’ असें म्हणावें, आणि तिची बांधी तशीच पडलेली ठेवून आपापल्या घरीं जावें, हें आम्हांस बरें दिसत नाहीं.

कापणीनंतर दुसरी अडचण येते. सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नांवें, पीक-पाहणीची नोंद आतां मोबाइलवर करावयाची, आणि धान खरेदी केंद्रावर नोंदणीसाठीं सातबारा, आधार व बँकेचें पुस्तक मागतात. शिपाई सुट्टीवर असतांनाच त्यानें पत्नीच्या नांवें मुखत्यारपत्र करून ठेवणें शहाणपणाचें. मंडळींत शिकलेली एखादी मुलगी असल्यास तिनें पीक-पाहणीची नोंद करून द्यावी. अर्ध्या तासाचें काम असतें, पण तें न झाल्यास वर्षाचें धान पडत्या भावानें व्यापाऱ्याकडे जातें.

आतां एका अशा गोष्टीकडे वळूं कीं जी मंडळीवांचून दुसरें कोणी करूंच शकत नाहीं. शिपायाचें लग्न झालें, मूल झालें, म्हणजे त्याची नोंद त्याच्या पलटणीच्या दप्तरांत व्हावी लागते. तिला फौजेंत ‘पार्ट टू ऑर्डर’ म्हणतात. ही नोंद नसली तर पत्नीस औषधोपचाराचें कार्ड, मुलांस सवलती, आणि वाईट प्रसंग आल्यास कुटुंब-निवृत्तिवेतन, हें सर्व अडून राहतें. ख्रिस्ती लग्न १८७२ च्या कायद्याप्रमाणें लागतें, आणि त्याचा दाखला मंडळीच्या लग्नाच्या नोंदवहींतून मिळतो. आतां खेड्यांत काय होतें पाहा. मुलीचें शाळेंतलें नांव एक, बाप्तिस्म्याचें दुसरें, आणि आधारावर तिसरेंच. नोंदवहींत ‘मार्था’, आधारावर ‘सुनीता’. दप्तरांतील लेखनिक काय करणार? तो कागद परत पाठवितो, आणि पाठविणाऱ्याचा नवरा त्या वेळीं बर्फांत उभा असतो. उपदेशकांनीं लग्न लावण्यापूर्वीं वधूचे सर्व कागद समोर ठेवून, कागदोपत्रीं असलेलें नांवच नोंदवहींत लिहावें व बाप्तिस्म्याचें नांव त्यापुढें ‘ऊर्फ’ म्हणून घालावें. जुन्या लग्नांत फरक राहिला असेल तर शिपाई पुढच्या सुट्टीवर येईल तेव्हां प्रतिज्ञापत्र करून तो काढून टाकावा. स्त्रियांच्या सभेच्या चिटणीस बाईंनीं मंडळींतील प्रत्येक शिपायाच्या पत्नीस एकदां विचारावें : ‘बाई, तुझें नांव त्याच्या दप्तरांत चढलें आहे काय? मुलांचीं चढलीं आहेत काय?’ हा प्रश्न पुष्कळ गीतांहून अधिक उपयोगी पडेल.

भाऊबंदकीचीही गोष्ट येते. घरधनी दूर पाहून बांध सरकविला जातो, वहिवाट अडविली जाते. अशा घरांस ठाऊक असावें कीं युद्धाच्या किंवा तत्सम विशेष परिस्थितींत नोकरी करणाऱ्या शिपायाविरुद्ध त्याच्या गैरहजेरींत दावा चालूं नये यासाठीं १९२५ पासून निराळा कायदाच आहे. आणि रजा मिळत नसल्यास तो आपल्या वतीनें दावा चालविण्यास दुसऱ्या माणसास अधिकार देऊं शकतो. शिपायानें आपल्या पलटणीच्या अधिकाऱ्यास तक्रार सांगितली तर तो अधिकारी थेट जिल्हाधिकाऱ्यांस लिहितो. इशायानें सरदारासाठीं पनीर कां पाठविलें हें येथें ध्यानांत येईल. मुलाच्या वरिष्ठाशीं घराची ओळख असावी, एवढा म्हाताऱ्यास व्यवहार कळत होता. गांवाकडे याच कामासाठीं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतें. तेथें जाण्यास एकटी स्त्री कचरते. तेव्हां मंडळींतील एका वडील बाईनें सोबत जावें.

आतां २ शमुवेल ११ वाचा. हा अध्याय स्त्रियांच्या सभेंत वाचावयाचा नाहीं असें पुष्कळांस वाटतें. आमचें मत उलट आहे. उरीया हित्ती राब्बाच्या वेढ्यांत होता, आणि त्याच्या घरावर राजाची नजर गेली. गांवांतील कोणी बथशेबेच्या बाजूनें उभें राहिल्याचें शास्त्रांत दिसत नाहीं. शिपायाच्या पत्नीच्या दारावर आपल्या गांवींही बलवान माणसाची नजर जाते : सावकाराची, पुढाऱ्याची, कधीं कधीं दिराचीही. अशा वेळीं तिच्या सोबतीस संध्याकाळीं कोणी तरी बसावयास जाणें हें मोठें रक्षण आहे. आणि दुसरी गोष्ट, जी आम्हांस लिहितांना जड जाते. ती फोनवर उशिरापर्यंत बोलली, नवें लुगडें नेसून बाजारास गेली, कीं विहिरीवर कुजबुज सुरू होते, आणि ती कुजबुज करणाऱ्यांत मंडळींतल्या बायाही असतात. ती कुजबुज शेंकडों कोसांवर छावणींत पोंचते. रात्रीं पहाऱ्यावर बंदूक धरून उभ्या असलेल्या माणसाच्या कानीं घरची बदनामी घालणें म्हणजे काय, याचा विचार प्रत्येकीनें करावा.

पत्रांविषयीं. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत आपल्या देशांतून दहा लाखांहून अधिक माणसें समुद्रापार गेलीं. फ्रान्समध्यें वाय.एम.सी.ए. च्या मंडपांत हिंदी शिपायांस कागद फुकट मिळे, आणि ज्यांस लिहितां येत नसे त्यांचीं पत्रें लिहून दिलीं जात. आज प्रत्येकाजवळ फोन आहे, तरी उंच ठाण्यांवर तो नेहमीं लागत नाहीं. आणि लागला तरी बोललेलें उडून जातें, लिहिलेलें मात्र खिशांत राहतें. पत्त्यावर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नांव व पलटण लिहून ‘मार्फत ५६ ए.पी.ओ.’ किंवा ‘९९ ए.पी.ओ.’, जसें त्यानें कळविलें असेल तसें, लिहावें. त्यांत गांवाचें नांव नसतें, तें मुद्दाम नसतें. म्हणून मंडळींत प्रार्थनेची विनंती करतांना ‘आमचा अमका अमक्या ठाण्यावर आहे, त्याची तुकडी अमक्या दिवशीं निघणार’ असें कधीं बोलूं नये, आणि मोबाइलवरच्या प्रार्थनागटांत तर मुळींच लिहूं नये. प्रभूस त्याचें ठाणें ठाऊक आहे. इतरांस कळण्याचें कारण नाहीं. पत्रांत काय लिहावें? गाय व्याली, पाऊस कितीसा पडला, नाताळांत कोणतीं गीतें बसविलीं, त्याच्या आईचा गुडघा कसा आहे. उपदेश थोडा असावा. त्यास छावणींतही धर्मसेवा अगदींच नाहीं असें नाहीं. फौजेंत पंडित, मौलवी, ग्रंथी यांच्याप्रमाणें पाद्रीही नेमलेले असतात. परंतु प्रत्येक पलटणींत पाद्री नसतो, आणि पुष्कळदां सर्व धर्मांच्या एकाच मंदिरांत आपल्या मुलास एकट्यानेंच डोकें लववावें लागतें. मंडळीचें गीतपुस्तक व शुभवर्तमानाची लहान प्रत त्याच्या पेटींत असावी, एवढें घरच्यांनीं पाहावें.

तो सुट्टीवर येतो तेव्हांचें शिष्टाचारही शिकावयाचे आहेत. फौजेंतल्या शिपायास वर्षाकांठीं साधारण साठ दिवसांची मोठी सुट्टी मिळते. तीत तो आल्याबरोबर मंडळीनें त्याचे सत्कार योजूं नयेत. पहिला आठवडा घरच्यांचा. ‘किती मारले?’ असा प्रश्न मुलांनीं विचारला तर आईनें गप्प करावें. तो रात्रीं दचकून उठत असेल, गर्दीत बसत नसेल, तर त्यास भूतबाधा झाली असें म्हणून कोणाकडे नेऊं नये. कामठीच्या फौजी इस्पितळांत दाखविण्यास सुचवावें. आणि कॅन्टीनची बाटली मागावयास त्याच्या ओट्यावर बसणाऱ्या आपल्याच बांधवांविषयीं आम्ही कांहीं लिहीत नाहीं. त्यांच्या बायका हा पाठ वाचतीलच.

कधीं तिरंगा पांघरलेली पेटीच घरीं येते. त्या दिवशीं गर्दी पुष्कळ होते. महिन्यानें ती ओसरते आणि मग पैशाची गोष्ट निघते. सासू-सासरे म्हणतात मुलगा आमचा. माहेरचे म्हणतात मुलगी आमची. आणि कोणी तरी सुचवितें कीं दिराशीं पाट लावून द्या म्हणजे पैसा घरांतच राहील. शौर्यपदकाबरोबरचा भत्ता विधवेनें पुनर्विवाह केल्यास बंद होई, मात्र दिराशीं लग्न केल्यास चालू राही, असा सरकारी नियमही पुष्कळ वर्षें होता. २०१७ सालीं ती अट काढून टाकण्यांत आली. सरकारनें जी बळजबरी सोडली ती मंडळीनें करूं नये. येथें १ शमुवेल ३० मधील बसोर ओहोळाचा प्रसंग वाचावा. थकून सामानापाशीं राहिलेल्या दोनशें जणांस लुटीचा वांटा देऊं नये असें कांहींजण म्हणूं लागले, तेव्हां दाविदानें ठरविलें कीं लढावयास गेलेला व सामान राखणारा या दोघांस वांटा सारखाच. घर राखणारी पत्नी, आणि मुलास वाढविणारी आई, दोघीही सामानापाशीं बसलेल्याच होत. म्हातारीचें पोट उपाशी ठेवून विधवेनें सर्व घेऊं नये, व विधवेचा अंगठा घेऊन सासरच्यांनीं सर्व उचलूं नये. पंचांनीं मध्यें पडावयाचें असल्यास स्त्रियांपैकीं दोघी तरी त्या बैठकींत असाव्यात, आणि कोऱ्या कागदावर अंगठा घेऊं देऊं नये.

शास्ते ५ मध्यें सीसराची आई जाळीआडून वाट पाहते; मुलाचा रथ येण्यास उशीर कां, म्हणून विचारते. तो शत्रूचा सेनापति होता, व मेलेला होता. दबोरेच्या विजयगीतांत त्या आईसही जागा मिळाली. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगांव या बाजूंस जंगलांत गेलेल्या पोराची आई आणि त्याच्या शोधांत धाडलेल्या शिपायाची आई एकाच आठवडी बाजारांत मीठ विकत घेत आल्या आहेत. आपल्या सभेंत दोघींसाठीं प्रार्थना होत नसेल तर ती सुरू करावी. यामुळें शिपायाच्या घरच्यांस वाईट वाटेल असें कोणी म्हणतात. आमचा अनुभव असा कीं शिपायाची आई ही प्रार्थना इतरांहून लवकर समजते.

७ डिसेंबर हा ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो, आणि त्या सुमारास आपल्याकडे धानाची मळणी उरकत आलेली असते. तेव्हां प्रत्येक घरानें पायलीभर नव्या धानाचे पोहे किंवा मुरमुरे काढावे, सोबत तिळाचे लाडू करावे. लोणचें मात्र घालूं नये, वाटेंत तेल गळून पत्ता पुसला जातो. पार्सल कापडांत शिवून, पत्ता दोन्ही बाजूंस व आंतही लिहून, टपालांत द्यावें. नाताळापूर्वीं तें पोंचावें असें वाटत असल्यास नोव्हेंबरांतच पाठवावें आणि पोहे जुन्या धानाचे चालतील. वरिष्ठासाठीं म्हणून एक निराळी लहान पुडी इशायाप्रमाणें घातली तर वावगें होणार नाहीं. पोंच म्हणून दोन ओळी लिहिण्यास त्यास सांगावें, आणि त्या आल्या म्हणजे ठाण्याचा उल्लेख गाळून सभेंत मोठ्यानें वाचाव्या.