रोल आला, पण धुणार कोण?

उमरी, २२ ऑक्टोबर २०१८

चि. बाळास,


दसऱ्याला अक्काचा फोन आला. तू पुण्याची नोकरी सोडणार आणि तळ्याकडचं वावर गहाण टाकून नांदेडला फिल्म धुण्याची लॅब काढणार म्हणे. खोटं असेल म्हणून दोन दिवस गप्प बसलो. मग तुझ्या काकांनीही तेच सांगितलं. त्या रात्री झोप नाही.

कोडॅकनं एक्टाक्रोम परत आणली, याचा आनंद मलाही झाला रे. २०१२मध्ये दिवाळं निघालं, त्याच वर्षी हा स्लाइडचा रोल बंद केला, आणि आता तोच पुन्हा बनवतात! पण जानेवारी २०१७ला घोषणा झाली, वर्षाअखेर देतो म्हणाले, यायला यंदाचा सप्टेंबर उजाडला. काही कच्चा मालच मिळेना. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर तुझं काय?

आणि रोल आला तरी धुणार कोण? कोडाक्रोम फिल्म आठव. २००९मध्ये ती बनवणं थांबलं, २०१०च्या डिसेंबरअखेर कॅन्ससच्या शेवटच्या लॅबनं धुवायला रोल घेणंही थांबवलं. लोकांच्या कपाटात राहिलेल्या रोलांतून रंग पुन्हा सहजी निघाले नाहीत. एक्टाक्रोमला पहिला डेव्हलपर ३८ अंशांवर लागतो, अर्ध्या अंशाचा फरक चालत नाही. इथं उन्हाळ्यात टाकीचं पाणीच चटका देतं, वर लाइटचा भरवसा नाही. औषध एकदा कालवलं की फार टिकत नाही. नांदेडला महिन्याकाठी स्लाइडचे किती रोल येतील, हे कुणाला विचारलंस का? आपण वर्षानुवर्षं वापरलेला उटीचा इंदू रोल आठव. तो बनवणारी तर सरकारची कंपनी, तीही टिकली नाही.

मी रागानं लिहितोय, कारण हे मी करून बसलोय. तू शाळेत होतास तेव्हा मामीचे दागिने ठेवून रंगीत प्रिंटचं जुनं मशीन घेतलं. दोन वर्षांत डिजिटल आलं. हप्ता भरायला मी निगेटिव्हांची पोती चांदी काढणाऱ्याला किलोवर दिली. त्यात अक्काचं लग्न होतं. तुझी आजी हसतानाची एकच निगेटिव्ह होती, तीही गेली. मशीनचं कर्ज फिटलं. ती पोती उचलताना मी आत एकदा पाहायलाही गेलो नाही, हे मात्र मनातून जात नाही.

तुला हे वेड माझ्यामुळेच लागलं. लाल दिव्याखाली स्टुलावर उभा राहून तू कागदावर चेहरा उमटायची वाट पाहायचास. ते वेड सोड असं मी कसं म्हणू? नोकरी ठेव, वावराला हात लावू नकोस, एवढंच मागणं माझं.

दिवाळीला ये. फोटोसाठी एक्टाक्रोम अजून ३५ मिमीतच आली आहे, आपल्या यशिकाला १२०चा लागतो; तेव्हा साधा ब्लॅक अँड व्हाइटचा एक रोल आण. हायपो आणि डेव्हलपर मी आणून ठेवतो. अक्काला अंगणात बसवून तू फोटो काढ. तो रोल आपण दोघं धुऊ.

तुझा,
मामा