पाच सामन्यांचे माप



आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळलेला तरुण आइस हॉकीपटू केवळ गोलांवरून जोखणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत कच्ची रीत आहे. अशी स्पर्धा पाच-सात सामन्यांची असते. पक दोनदा गोलखांबाला लागून परतला, तरी सगळा हिशेब बदलतो. पाच सामन्यांत शून्य गोल म्हणून भाच्याने स्केट विकायला काढल्याचे मामाला ताईच्या फोनवरून कळले. हे खरे असेल, तर तो निव्वळ अविचार आहे.

स्लोव्हाकियाचा युराय स्लाफकोव्स्की २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये १७ वर्षांचा होता. त्याने ७ सामन्यांत ७ गोल केले, स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि देशाला कांस्यपदक मिळाले. त्याच हंगामात फिनलंडच्या लीगमध्ये ३१ सामन्यांत त्याचे गोल होते फक्त ५. एनएचएलच्या मॉन्ट्रियल संघाने त्याला ड्राफ्टमध्ये पहिला निवडला. एनएचएलमधल्या पहिल्या हंगामात त्याने ३९ सामन्यांत ४ गोल केले, दुसऱ्यात २०. यांतल्या कोणत्याही एका आकड्यावर विसंबणारा फसला असता.

म्हणून जाणता पारखी आधी वय पाहतो. कनिष्ठ गटांत जन्मवर्ष धरतात. डिसेंबरात जन्मलेला मुलगा जानेवारीत जन्मलेल्याहून जवळजवळ वर्षाने कोवळा असतो. भाचा डिसेंबरचाच. मग खेळाडू कितव्या फळीत होता, पॉवर प्लेमध्ये त्याला उतरवले का, समोरचा संघ कोणता, हे येते. सर्वांत बोलके असते ते पक जवळ नसतानाचे वागणे: बचावासाठी तो जीव तोडून मागे येतो का, बोर्डाशी धक्का खाऊन पुन्हा पकवर जातो का. चौथ्या फळीतल्या मुलाची परीक्षा इथेच होते, आणि तिचे गुण गुणफलकावर दिसत नाहीत. स्केट विकण्याआधी हे कोणी भाच्याला सांगितले होते का?

मामाने सोळाव्या वर्षी, पुण्यात, मैदानी हॉकीच्या तीन दिवसांच्या निवड शिबिरात नाव गळले त्याच संध्याकाळी स्टिक माळ्यावर टाकली. घर रिकामे करताना ती आजीला सापडली. मुठीवरची पट्टी तशीच घट्ट होती. त्या तीन दिवसांना एवढा मान द्यायला नको होता, हे मामाला फार उशिरा कळले.

पाचव्या सामन्याचे चित्रण मामाने दोनदा पाहिले. तिसऱ्या सत्रात भाचा तीनदा मागे धावत आला. शनिवारी मामा ओटावाहून येतो आहे. स्केटना धार तोच लावून आणेल. भाच्याने तोवर पोटभर जेवावे आणि झोपावे.