घरच्या घरी गाडीला रंग?

प्रश्न : माझी गाडी चौदा वर्षांची आहे. बॉनेटचा रंग उडालाय, दारांना खालून गंज धरलाय. गॅरेजचा खर्च परवडत नाही. स्प्रेचे डबे आणून दोन दिवसांत अंगणातच अख्खी गाडी रंगवली तर चालेल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : हौस जरूर करा, पण सुरुवात अख्ख्या गाडीपासून नको. रंगकाम म्हणजे रंग मारणे, हा समज आधी सोडा. खरी मेहनत घासण्यात असते. गंजावरच रंग चढवलात, तर तो लवकरच फुगून सुटतो.

आधी एकच दार घ्या. स्वच्छ पत्रा दिसेपर्यंत गंज खरवडा, खड्ड्यांत लांबी भरा, ३२० नंबरच्या पेपरने सपाट करा. प्राइमर वाळल्यावर ६०० नंबरचा वॉटर पेपर फिरवा. मग रंगाचे तीन-चार पातळ हात द्या आणि शेवटी क्लिअर कोट. जाड हात दिलात की ओघळ आलाच! पत्र्याला भोक पडले असेल, तर मात्र डेंटर गाठा.

कोकणच्या पावसाळ्यात हे काम नको. दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते. वाफांसाठीचा फिल्टरवाला मास्क लावा, साधे फडके पुरत नाही. आसपास विस्तव नको. हार्डनर मिसळायचे रंग गॅरेजवरच सोपवा. रंगच बदलणार असाल, तर आधी आरटीओत विचारा. आरसीवर रंगाची नोंद असते.

चुकलेच तर घाबरू नका. वाळू द्या, घासा, पुन्हा मारा.