फोटोची मागची बाजू

पालम, जि. परभणी

चि. बाळ,

पुण्याच्या जुन्या बाजारातून तू घेतलेले फोटो आणि पोस्टकार्डं मोबाइलवर पाहिली. नऊवारीतल्या त्या बाई, टोपी मांडीवर घेऊन बसलेला मुलगा, मागे पडद्यावर रंगवलेला जिना. तुझ्या वयात परक्या माणसांच्या चेहऱ्यांची अशी ओढ लागावी, याचा मला फार आनंद झाला. छंद लागलाच आहे तर तो नीट जोपासावास, म्हणून हे पत्र.

ही माणसं मुळात अनोळखी नव्हती. घरात सगळेच त्यांना ओळखत होते, म्हणून तर फोटोमागे नाव लिहायची गरज कुणाला वाटली नाही. पुढे वाटण्या झाल्या, वाडा विकला गेला, फ्रेमची काच आणि लाकूड भंगारात गेलं आणि फोटो रद्दीत. नाव एकदा तुटलं की परत जोडणं महाकठीण. तुझ्या हातात येईपर्यंत फोटोचं जे हरवलं ते हरवलं. पण तुझ्या हातून आणखी काही हरवू नये. कुठून घेतला, कुणाकडून, कधी, सोबत आणखी काय होतं, हे त्याच दिवशी वहीत लिहीत जा. विक्रेता गठ्ठा फोडून एकेक फोटो विकत असेल, तर परवडेल तेवढा गठ्ठा एकत्र घे. एका घरातले फोटो एकमेकांची ओळख देतात. एकात नवरी असलेली मुलगी दुसऱ्यात आजी होऊन बसलेली असते.

फोटो हातात आला की आधी उलटा करून बघ. स्टुडिओचा शिक्का, गावाचं नाव, शाईतल्या दोन ओळी, सगळं टिपून घे. आपल्या भागातले फोटो वाचताना एक ध्यानात ठेव. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. सरकारी कारभार उर्दूत चाले आणि सन फसली असे. मागे १३५७ असं दिसलं तर गोंधळू नकोस. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन जवळपास हाती येतो. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८, हैदराबाद मुक्तिसंग्रामाचंच वर्ष. मोडी किंवा उर्दू मजकूर लागला नाही तर जाणत्याकडून वाचून घे, अंदाजाने काही लिहू नकोस.

पोस्टकार्डाचंही तसंच. आपल्या देशात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ ला सुरू झालं, पाव आण्याला. पण हैदराबादच्या निजामाचं टपाल वेगळं होतं. त्याची तिकिटं १८६९ पासून निघत आणि त्यांतल्या अनेकांवर उर्दू, इंग्रजीबरोबर मराठी आणि तेलुगू अक्षरंही असत. चित्राच्या कार्डांत मागच्या बाजूला फक्त पत्त्याची जागा असेल आणि मजकूर चित्राच्याच कडेला दाटीवाटीने लिहिलेला असेल, तर ते कार्ड बहुधा विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं किंवा त्याआधीचं. मागची बाजू मजकूर आणि पत्ता अशी विभागायला ब्रिटनने १९०२ मध्ये परवानगी दिली, मग इतर देशांतही ती पद्धत आली. म. वि. धुरंधरांनी मुंबईतल्या माणसांची चित्रं कार्डांसाठी काढली होती. तसं एखादं मिळालं तर जपच. पण चित्र पाहून झालं की शिक्का आणि मजकूरही वाच. ‘पाऊस नाही, बैल विकला’ एवढी एखादी ओळही गावाचा इतिहास सांगून जाते.

आता जरा नाजूक गोष्ट. राजा दीनदयाळ हे सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार. त्यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती दिला. पडद्यातल्या बायका तिथे विश्वासाने येत, कारण परपुरुषाच्या नजरेस पडायची भीती तिथे नसे. आपल्या हाती आलेल्या साध्या फोटोंमागेही असाच विश्वास असतो. म्हणून कुणा बाईचा, तान्ह्या बाळाचा किंवा मयताचा फोटो गमतीच्या ओळी जोडून इन्स्टाग्रामवर टाकू नकोस. तिची नात आज जिवंत असेल. आणि एखादं घर अडचणीत सापडून अल्बम विकायला निघालं असेल, तर तो विकत घेण्याआधी स्कॅन करून परत देण्याचा पर्याय त्यांच्यासमोर ठेव. तुझ्या संग्रहात एक फोटो कमी झाला तरी चालेल.

सांभाळायचं कसं, तेही लिहिते. हात कोरडे ठेव, फोटो कडेनेच धर. मागे लिहायचं ते मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. सेलोटेप कधीच लावू नकोस, पीव्हीसीच्या पिशवीत ठेवू नकोस, डांबरगोळ्याही नकोत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत फोटोंचं फार नुकसान होतं; खालच्या खोलीतलं कपाट बरं. काचेला चिकटलेला फोटो ओढू नकोस, काचेसकट स्कॅन कर. दोन्ही बाजू, ६०० डीपीआयला.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव फिरून जुनी दप्तरं गोळा करत. त्यांनी ती स्वतःच्या कपाटात कोंडून ठेवली नाहीत. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडाने छापून सगळ्यांपुढे ठेवली. संग्रह कुणासाठी, हे त्यांच्याकडून शीक. तुझी वही आणि स्कॅन उद्या दुसऱ्या कुणाला वापरता येतील अशा लावून ठेव.

आणि पुण्यातल्या अनोळखी माणसांइतकंच आपल्या गावाकडेही बघ. आपल्याच तालुक्यात गोदावरीतलं जांभूळबेट आहे. शाळेच्या सहलीचा तिथला जुना फोटो कुणाच्या घरात निघाला, तर तेव्हाची झाडी आणि नदीचा काठ त्यात दिसेल. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली माणसं अजून आपल्या गल्लीत आहेत; जुन्या फोटोंतले चेहरे तीच ओळखतील. फोटो आणखी पन्नास वर्षं टिकतील, ते ओळखणारी माणसं टिकणार नाहीत.

म्हणून दिवाळीला येशील तेव्हा नवे फोटो विकत घेऊ नकोस. भिंतीवरच्या फ्रेमा मी उतरवून ठेवते. तू पेन्सिल, वही आणि रेकॉर्डर घेऊन ये. आधी सगळ्यात थोरल्या माणसाजवळ बस, एकेक चेहरा दाखव, नाव, गाव, नातं विचार आणि तिथल्या तिथे मागे लिही.

अभ्यास सांभाळून हे सगळं कर. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
आत्या