जुनी गाडी रेस घेत नाही? कार्ब्युरेटर बदलण्याआधी हे बघा

उड्डाणपूल चढताना जुनी पद्मिनी दम टाकते, पॅडल तळाला टेकलं तरी ओढत नाही, आणि गॅरेजमध्ये पहिला सल्ला मिळतो: कार्ब्युरेटर बदला. काही हजारांचा हा खर्च मान्य करण्याआधी अर्धा तास द्या. पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले. त्यांच्या गावात तरी चांगला कार्ब्युरेटर भंगारात जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

इंजिन बंद आणि थंड असू द्या. एअर क्लीनर काढा, घरातल्या कुणाला तरी पॅडल पूर्ण दाबायला सांगा आणि बॅटरीच्या उजेडात आत बघा. बटरफ्लाय (थ्रॉटलची चकती) पूर्ण उभा होत नसेल तर दोष बहुधा रॉडच्या किंवा केबलच्या जोडणीत असतो, नाहीतर पॅडलखाली दुमडलेल्या मॅटमध्ये. हे बिनपैशाचं काम. पॅडल सोडताच बटरफ्लाय झटकन मिटला पाहिजे. रेंगाळत असेल तर गाडी रस्त्यावर काढूच नका. रिटर्न स्प्रिंग शंभराच्या आत मिळते. केबल असेल तर दोनशे ते पाचशे धरा.

बटरफ्लाय उघडताना पेट्रोलची बारीक पिचकारी उडायला हवी. नाही उडाली तर अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा रबरी पडदा गेला समजा. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलात जुनं रबर लवकर खराब होतं, म्हणून इथेनॉलला टिकणारं किट मागा. किटला अंदाजे तीनशे ते आठशे, मजुरी वेगळी. थ्रॉटलचा शाफ्ट बोटांनी डगमगत असेल तर तिथून हवा आत शिरते आणि आयडलिंग जागेवर राहत नाही. लेथवर पितळी बूश बसवून घ्या, हजारभरात होतं. हे आकडे ढोबळ आहेत, दोन ठिकाणी विचारूनच काम द्या.

पॅडल पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर पडणं, म्हणजे किकडाउन, फक्त ऑटोमॅटिक गाड्यांत असतं. पद्मिनी-अँबॅसडरवाल्यांनी त्याचा विचार करू नये. जुन्या आयात मर्सिडीजसारख्या गाडीत पॅडल पूर्ण दाबूनही खालचा गिअर पडत नसेल, तर आधी वरचीच तपासणी करा, मग फ्यूज, पॅडलखालचा स्विच किंवा केबल, आणि गिअर ऑइलची पातळी. काही गिअरबॉक्समध्ये तेलाचा दाबच या केबलवर ठरतो. ती ढिली ठेवून गाडी पळवली तर आतल्या क्लच प्लेट जळतात, आणि मग खर्चाला धरबंद राहत नाही. म्हणून केबलची सेटिंग त्या मॉडेलच्या मॅन्युअलप्रमाणेच करून घ्या. इथे अंदाजाने पाना फिरवणारा मिस्त्री नको. गाडी सोलापूरहून पुण्याला न्यावी लागली तर टोइंगचे अडीचशे किलोमीटर हिशेबात धरा.

पक्कं बिल घ्या, काढलेला जुना भाग परत मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे; कुणी २८ लावत असेल तर विचारा. काम सदोष निघालं आणि गॅरेज दाद देत नसेल, तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही.