पांगारा आणि त्याचे हवाई बेटांवरील भावंड

पाठास आरंभ करण्यापूर्वी शिक्षकांनी पांगाऱ्याची कोवळी पालवी असलेली एक डहाळी वर्गात आणावी. तीन दलांचे पान, खोडावरील काटे व निष्पर्ण वृक्षावर फुलणारी तांबडी फुले मुलांच्या परिचयाची असतात. याच कुळातील ‘विलीविली’ नावाचा वृक्ष प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर, सखल भागातील कोरड्या रानांत वाढतो; नैसर्गिकरीत्या तो अन्यत्र कोठेही आढळत नाही. त्याचे लाकूड हलके असल्यामुळे तेथील लोक पूर्वी त्याच्या होड्यांना उलांड्या करीत. (कोकणातील मुलांना उलांडी समजावून सांगावी लागणार नाही.)

२००५ च्या एप्रिलमध्ये ओआहू या बेटावर पांगाऱ्यांच्या पानांवर गाठी दिसू लागल्या. काही महिन्यांतच ही पीडा सर्व प्रमुख बेटांवर पसरली. तिचे कारण गांधीलमाशीच्या गणातील, जेमतेम दीड मिलिमीटर लांबीचा एक परका कीटक होता. त्याची मादी कोवळी पाने, देठ व शेंडे यांच्या आत अंडी घालते. अळी वाढते तशी तेथे गाठ धरते, पान वेडेवाकडे होऊन गळते. नवी पालवी फुटावी, तर सुमारे तीन आठवड्यांत तयार होणारी कीटकाची पुढील पिढी तिच्यावर तुटून पडते. पाने हेच वृक्षाचे स्वयंपाकघर, हा मागील पाठ येथे आठवावा. असंख्य वृक्ष वाळून गेले.

आफ्रिकेतही पांगाऱ्याच्या जाती आहेत. मग त्या कशा जगल्या, असे एखादा चौकस विद्यार्थी विचारीलच. तेथे या कीटकास शत्रू आहेत. त्यांपैकी एक शास्त्रज्ञांना टांझानियात सापडला. त्याच्या अळ्या गाठींतील अळ्यांवर जगतात. परंतु तो आणताच मोकळा सोडला नाही. इतर कीटकांना त्याच्यापासून अपाय होतो काय, हे आधी बंदिस्त प्रयोगशाळेत पाहिले. हवाईला पूर्वीचा अनुभव होता. १८८३ मध्ये उसातील उंदरांवर उपाय म्हणून तेथे मुंगूस आणले गेले. (त्यांचे पूर्वज १८७२ मध्ये कलकत्त्याहून जमैकास गेलेले!) उंदीर रात्री हिंडणारे, मुंगूस दिवसा, त्याने पक्ष्यांची अंडीच फस्त केली.

२००८ च्या नोव्हेंबरात तो शत्रुकीटक सोडण्यात आला व विलीविलीस पुन्हा पालवी टिकू लागली. फुले, शेंगा व कोवळी रोपे यांवर मात्र त्याचा तितका प्रभाव पडलेला नाही. म्हणजे जुने वृक्ष वाचले, तरी नवे उगवण्याची चिंता उरली आहे.

२००६ च्या सुमारास हाच उपद्रव केरळात, मिरीच्या वेलांना आधार देणाऱ्या पांगाऱ्यांवर आढळला. म्हणून पाठ संपल्यावर वर्गातील डहाळी मुलांच्या हाती द्यावी व पाने आणि देठ यांवर गाठी आहेत काय, ते त्यांस पाहू द्यावे. गाठी आढळल्यास अशा झाडाच्या फांद्या कुंपणासाठी परगावी नेऊ नयेत, हे पालकांच्याही कानी घालावे.